साडेचार फूट

दुकानातल्या एकाही झाडाला पान नाही.
करड्या मखमलीच्या फळ्या, मधे खांब,
खांबाला दोर गुंडाळलेला, टोकाला लोंबता उंदीर.
"किती उंच हवंय, लव्ह?" पोरगं विचारतं.
शेफिल्डमध्ये सगळ्यांनाच लव्ह म्हणतात,
मी अजून दर वेळी मागे वळून बघते.

उंची मी घरून मोजून आणलेली.
रविवारी गुडघे टेकून, खिडकीशी टेप धरून
एकेका उंचीवर हनुवटी नेऊन पाहिलं.
दोन फुटांवर रेडिएटर आणि त्यामागचे पोपडे.
तीनवर शेजारच्या ग्लेनिसबाईंचे कचऱ्याचे डबे,
निळा, काळा, तपकिरी.
साडेचारवर एकदम उतार सुरू होतो,
लाल फळांनी लगडलेलं रोवन,
त्यात भांडणारी पाखरं,
आणि खाली बसचा थांबा, जिथून मी रात्रपाळीला जाते.
म्हणजे साडेचार.

पण सुपारी अकरा वर्षांची.
मागचा डावा पाय उचलण्याआधी क्षणभर हिशेब करते.
डॉक्टरांच्या कागदावर ती अजून डचेसच,
डचेस तांबवेकर. आधीचे म्हातारबाबा गेले,
त्यांनी ठेवलेलं नाव राहिलं, आणि एक अट:
बाहेर सोडू नये. रक्तात काहीतरी आहे,
दुसऱ्या मांजरांना लागेल.
तेव्हा कुणाला आडवं जायचं तर
तिच्याकडे रस्ताच नाही.
ओटा ते खाट, खाट ते न्हाणीघर,
दिवसातून दहादा मलाच आडवी जाते
आणि माझी कामं जशी व्हायची तशीच होतात.

तर पायऱ्या हव्यात, जवळजवळ.
बूड जड हवं, कारण भिंतीला खिळा मारायचा नाही,
करारात ती ओळ घरमालकानं ठळक केलीय.
फळी अशी, की तिला मुटकुळं करून नाही,
सांडून झोपता यावं.
खांब तिच्या पुऱ्या आळसापेक्षा वीतभर जास्त.
नारळ हलवून बघावा तसं एकेक झाड हलवते.
पहिलं डुलतं. दुसरं डुलतं.
तिसरं डुलत नाही,
किंमत ऐकून मी डुलते.

"हा दोर कसला?"
"सायझल."
नाव ओळखीचं नाही. वाकून हुंगलं,
तर घायपात.
आटपाडीच्या वाटेवर बांधाबांधानं उभं घायपात,
डबक्यात कुजत घातलेल्या पानांचा तो वास,
गुंडामामा वाख पिंजून दोर वळायचा
आणि मी दुसरं टोक धरून उलटी चालायचे,
मामाच्या दारापासून थेट शाळेच्या भिंतीपर्यंत.
"ढिलं सोडू नको गं."
त्या पोराला सांगायला तोंड उघडलं
आणि वाखाला शब्दच सापडेना.
म्हटलं, कार्ड चालेल ना?

दोन संध्याकाळी लागल्या जोडायला.
एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून कळलेलं नाही.
सुपारी तीन दिवस त्याच्या बाजूनं अशी गेली
जसा मुक्काम लांबलेला पाहुणा.
चौथ्या पहाटे कामावरून आले,
गणवेश तसाच, बूट तसेच,
खांबापुढे बसले आणि दोन्ही हातांच्या नखांनी
ओरबाडलं. खर्र. खर्र.
बोटांना मामाच्या हाताचा वास.
ती आली. माझी कीव केल्यासारखं पाहिलं.
मग आखडता पाय सावरत उभी राहिली
आणि हे कसं करतात ते दाखवलं.
सुंभ नवा होता, पीळ तिचा जुना.

आता ती असते दुसऱ्या फळीवर,
जिथून फक्त रेडिएटर दिसतो.
डोळे मिटून ऊब बघत बसते.
साडेचार फुटांवरची फळी रिकामीच आहे.
सुट्टीच्या दिवशी, चहा घेऊन,
तिच्यावर मी हनुवटी टेकते.
रोवनची फळं संपत आलीत.
थांब्यावर कोणीतरी बसची वाट पाहतंय,
माझ्याऐवजी.